इनडोअर चिकणमातीच्या ट्रॅकसाठी टायर: पट्टीचे, जाळीचे की गुळगुळीत?

रिमोटवर चालणाऱ्या रेसिंग गाडीसाठी पहिल्यांदा टायर घ्यायला निघालेला माणूस नक्षी बघतो. साहजिक आहे, दुकानाच्या भिंतीवर तीच नजरेत भरते. पण छताखालच्या चिकणमातीच्या ट्रॅकवर आधी बघायचं रबर कोणतं आहे ते, मग ते किती झिजलंय, आणि नक्षी तिसऱ्या नंबरावर. अ‍ॅरिझोनात मी आणि माझा मुलगा गेली चार वर्षं खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या, बग्ग्या पळवतोय. इथे नव्याने रेसिंगला लागलेले दोन-तीन मराठी मित्र सारखं विचारतात, "पहिला सेट कोणता घेऊ?" त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं सगळं इथे एकत्र मांडतोय.

आधी जमीन समजून घ्या. बाहेरच्या ट्रॅकवर वरचा थर सैल असतो, म्हणून टायरच्या काट्यांनी तो भेदून खालची घट्ट माती धरावी लागते. इनडोअर चिकणमाती वेगळी. ती ओलवून, चोपून, दाबून बसवलेली असते, चोपण्याने धोपटून सारवलेल्या अंगणासारखी. ओल टिकावी म्हणून काही ठिकाणी मातीत कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. हा क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतो. मग गाड्या फिरतात, टायरचं रबर थोडं थोडं मातीवर बसत जातं, आणि रेसिंगची चाकोरी निळसर काळी होऊन चकाकायला लागते. इथली मंडळी तिला ब्लू ग्रूव्ह म्हणतात. तिच्यावर बुटाचा तळ दाबून फिरवला की चर्र आवाज येतो. अशा जमिनीत काटा रुततच नाही. पकड येते ती मऊ रबर मातीला चिकटल्यामुळे, आणि जितकं जास्त रबर टेकेल तितकी ती वाढते.

म्हणूनच काट्यांचे टायर इथे चालत नाहीत. मोठे काटे बाहेरच्या सैल मातीसाठी, आणि बारीक काटे कार्पेटसाठी आणि कृत्रिम गवतासाठी असतात. आपल्याकडे कुस्तीत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे ठेवतात, तसाच हा फरक समजा. गाडी तीच, चालवणारा तोच, पण पाय रोवायची रीत बदलते. आम्ही पहिला सेट घेतला तेव्हा दुकानदाराने "इनडोअरला हेच लागतात" म्हणून बारीक काट्यांचे टायर हातात ठेवले. इनडोअर म्हणजे त्याच्या डोक्यात कार्पेट होतं. चिकणमातीवर ते काटे वळणात वाकायचे, गाडी क्षणभर तरंगल्यासारखी व्हायची आणि मग एकदम मागून सुटायची. पोराने दोन शुक्रवार रडवेल्या चेहऱ्याने काढले. म्हणून टायर घेताना "इनडोअर" एवढ्यावर थांबू नका, "क्ले", म्हणजे चिकणमाती, हा शब्द उच्चारून विचारा.

आता खरी निवड तिघांत आहे.

पहिले पट्टीचे आणि ठोकळ्यांचे टायर. जेकॉन्सेप्ट्स, एकेए आणि प्रो-लाइन या टायर बनवणाऱ्या कंपन्या; जेकॉन्सेप्ट्सचे बारकोड्स, एकेएचे रिबार, प्रो-लाइनचे पॉझिट्रॉन ही त्यातली ओळखीची नावं. ठोकळे बुटके आणि जवळजवळ असतात, मधे खोबणी असते. ट्रॅक नुकताच नवा बांधलाय, चाकोरी बसलेली नाही, कडेला भुसभुशीत माती आहे, किंवा संध्याकाळी जमीन कोरडी पडून वर धूळ येते, अशा वेळी हेच भरवशाचे. ठोकळ्यांच्या कडा धूळ कापतात आणि खोबणी ती बाजूला टाकते. चाकोरी एकदा चकाकली की मात्र यांचं चालणं जडावतं: ठोकळा वाकतो, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते.

दुसरे जाळीच्या नक्षीचे: जेकॉन्सेप्ट्सचे डर्ट वेब्स आणि त्यांच्याहून बारीक, उथळ नक्षीचे एलिप्स. यांचे उंचवटे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे वाकत नाहीत, आणि रबर जमिनीला भरपूर टेकतं. दमट जमीन, बसलेली चाकोरी, मधूनच थोडी धूळ, हे सगळं ते निभावतात. आमच्या पिटमधल्या, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेतल्या, पेट्यांत सर्वांत जास्त दिसतात ते हेच.

तिसरे गुळगुळीत, म्हणजे स्लिक: जेकॉन्सेप्ट्सचे स्मूदी, प्रो-लाइनचे प्राइम. चाकोरी पूर्ण काळी, जमीन दमट, पकड इतकी की गाडी वळणात दोन चाकांवर येते, तेव्हा स्लिक सर्वांत वेगवान. पण चाकोरीवरून वीतभर बाहेर गेलात आणि चाकाला धूळ लागली, की पुढची दोन वळणं गाडी साबणावरून जातेय असं वाटतं. माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या वर्षी स्लिक घेऊ नका. ज्याचा हात अजून चाकोरीवर टिकत नाही त्याला स्लिक शिक्षा करतो. पाच मिनिटांच्या हीटमध्ये, म्हणजे एका छोट्या शर्यतीत, अशा दोन चुका झाल्या की जाळीवाल्यापेक्षा मिळवलेला सगळा वेळ परत जातो.

रबराच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. जेकॉन्सेप्ट्स रबराला रंगांची नावं देतं. गोल्ड हे इनडोअर मातीसाठी बनवलेलं मऊ रबर, सिल्व्हर त्याहून मऊ. ब्लू आणि ग्रीन मुळात बाहेरच्या मातीसाठी. प्रो-लाइनच्या टायरवर एमसी असं लिहिलेलं असेल तर ते क्लेचं रबर. एकेए सरळ क्ले असंच नाव देतं. गोल्ड आणि ग्रीन हातात घेऊन दाबले तर फारसा फरक जाणवत नाही, पण ट्रॅकवर जाणवतो. ग्रीन पहिल्या मिनिटात छान धरतो, मग तापतो, गाडी डुलायला लागते, आणि रबर पटापट उडतं. गोल्ड पाचही मिनिटं एकसारखा राहतो. सिल्व्हर थंडीतल्या सकाळी किंवा पकड कमी असलेल्या ट्रॅकवर उपयोगी; पकड भरपूर असेल तर तो डोळ्यांदेखत झिजतो. टायरची जोडी साधारण २० ते ३० डॉलरची, त्यामुळे हा हिशेबही करायला हवा.

झिजण्याबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. जाळीचा कोरा टायर चकाकत्या चाकोरीवर सर्वांत वेगवान नसतो. वरचे उंचवटे अर्धे झिजले, पृष्ठभाग मखमलीसारखा झाला, की तो खरा रंगात येतो. काही जण त्यासाठी नवे टायर आधीच सॅंडिंग बेल्टवर फिरवून आणतात. आम्ही तसं करत नाही. नवे टायर सरावाला वापरतो, उतरत गेले की रेसला लावतो. आमच्या पेटीत तीन खणांत तीन वयांचे डर्ट वेब्स गोल्ड आहेत, आणि खडूने रिमच्या आत किती हीट झाल्या त्याच्या रेघा ओढलेल्या आहेत. शुक्रवारी दारातून आत शिरलो की पोरगा आधी ट्रॅकच्या कडेला उकिडवा बसतो आणि चाकोरीवर अंगठा दाबतो. अंगठ्याला ओल लागली तर कमी झिजलेला, नुसताच चिकटला तर बराच झिजलेला, धूळ लागली तर पट्टीवाले रिबार बाहेर निघतात.

पुढच्या चाकांचा विचार वेगळा करावा लागतो. टू-व्हील बग्गीत पुढे उभ्या रेघांचे टायर लागतात. जेकॉन्सेप्ट्सचे कार्व्हर्स, प्रो-लाइनचे वेज. वेजचा कार्पेटसाठी वेगळा प्रकार येतो, पाकीट नीट वाचा. पुढे पकड जास्त झाली तर गाडी वळत नाही, उलथते. याला ट्रॅक्शन रोल म्हणतात. टायरची बाहेरची भिंत जमिनीला टेकते, तिथलं मऊ रबर चिकटून बसतं आणि गाडी त्यावरून कोलांटी घेते. उपाय दोन डॉलरचा आहे. पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर सीए ग्लूचा, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीच्या ग्लूचा, पातळ थर बोटभर रुंदीत फिरवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. भिंत कडक आणि गुळगुळीत होते, गाडी कलली तरी घसरून परत चाकांवर येते. ग्लू नक्षीवर येऊ देऊ नका, आणि हे काम उघड्या खिडकीजवळ करा, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

टायरच्या आत आकार धरायला जो फोम भरतात त्याचं थोडक्यात: टायरबरोबर येणारा ओपन-सेल, म्हणजे पाणी शोषणारा उघड्या छिद्रांचा, फोम सुरुवातीला पुरतो. बंद छिद्रांचा क्लोज्ड-सेल फोम, उदाहरणार्थ जेकॉन्सेप्ट्सचा डर्ट-टेक किंवा एकेएचा लाल, महाग पडतो, पण आकार धरून ठेवतो. मागच्या चाकांना तो घ्यावा असं मी म्हणेन. टायर कधीही पाण्यात बुडवून धुऊ नका. हवेच्या भोकातून पाणी शिरलं की ओपन-सेल फोम फुगतो आणि चाक थरथरायला लागतं. प्रत्येक हीटनंतर क्लीनर लावलेल्या फडक्याने धूळ पुसली की काम होतं.

सॉस, म्हणजे रबर मऊ करणारं द्रावण, वापरायच्या आधी ट्रॅकवाल्यांना विचारा. वासाचं चालत नाही असे ट्रॅक आहेत, आणि काही ठिकाणी ठरावीक ब्रँडच चालतो. लावायचं तर हीटच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पातळ लावून, मुरू देऊन, कोरडं पुसायचं. ओलं ठेवून गाडी सोडलीत तर चाकांना सगळ्या ट्रॅकची धूळ चिकटेल.

पहिली खरेदी अशी करा: मागे डर्ट वेब्स गोल्डच्या दोन जोड्या, पुढे कार्व्हर्स गोल्डची एक, आणि धुळीच्या दिवसांसाठी रिबार क्लेची एक. दोन्ही मागच्या जोड्या एकाच दिवशी रिमवर चिकटवा. एक रोज सरावाला घासा, दुसरीला सहा आठवडे हात लावू नका. त्यानंतर एका संध्याकाळी दोन्ही पाठोपाठ लावून पाच-पाच मिनिटं चालवा आणि लॅपचे आकडे वहीत लिहा. पुढची जोडी कधी घ्यायची ते त्या वहीवरून कळेल.