‘बिघडवणे’ या शब्दासाठी घेतलेला मोल्सवर्थ

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका आईने माझ्या भाच्याकडे बोट दाखवून ‘यानेच आमच्या मुलाला बिघडवलं’ असे म्हटले आणि दोन घरांचे येणेजाणे थांबले. तो शब्द माझ्या मनातून जाईना, म्हणून मी नाशिकमधल्याच एका दुकानातून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे पुनर्मुद्रण विकत आणले. हा कोश प्रथम १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत.

शब्दाचे मूळ कंसात थोडक्यात सांगण्याची या कोशाची पद्धत मला फार मोलाची वाटते. ‘बिघडणे’च्या मुळाशी ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘घट्’ हा संस्कृत धातू आहे. ‘घट्’ म्हणजे जुळून येणे, आकाराला येणे. ‘वि’ लागला की ती जुळणी सुटते. आपले घडणे आणि घडवणे याच धातूचे, आणि इथल्या सराफ बाजारात दागिन्यावर जी घडणावळ लावतात तीही त्याचीच. एखाद्याला बिघडवणारा माणूस म्हणजे कुणीतरी निगुतीने घडवलेले सुटे करणारा माणूस होय.

‘नासवणे’ मात्र ‘नश्’पासून आले आहे, म्हणजे नाहीसे होणे, हरवणे. बिघडलेले घड्याळ दुरुस्त होते, नासलेले दूध पुन्हा दूध होत नाही. त्या माउलीने रागाच्या भरातही ‘नासवलं’ म्हटले नव्हते, हे कळल्यावर मी स्वतः त्यांच्या दारी गेलो. ‘भ्रष्ट’ शब्दात पडणे, ढळणे आहे. ‘बाटवणे’त विटाळ आणि धर्म येतो, आणि तो शब्द मुलांच्या संगतीबद्दल कुणी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. अर्थ इंग्रजीत आहेत, शब्द ‘बिघडविणें’ अशा जुन्या लेखनाने शोधावे लागतात, आणि संस्कृतपासून मराठीपर्यंतच्या प्राकृत पायऱ्या बहुधा दिलेल्या नाहीत. मराठीतून अर्थ आणि जुन्या ग्रंथांतील उतारे हवे असतील, तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सोबत ठेवावा. माझ्या प्रतीची बांधणी कच्ची निघाली; दुसऱ्याच आठवड्यात ‘ब’ची पाने शिवणीतून सुटली आणि दुकानदाराने प्रत बदलून दिली नाही. मेन रोडवरच्या एका बाइंडरकडून ती नव्याने शिवून घेतली आहे. विकत घेताना पुस्तक मधोमध उघडून शिवण अवश्य पाहावी.