बॉडीत वाचतात पन्नास ग्रॅम, लेन्समध्ये पाचशे

लहान फुल-फ्रेम कॅमेरा (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेला) शोधायला निघालं की तीन नावं पुन्हापुन्हा समोर येतात: सोनी ए७सी २, कॅनन ईओएस आर८ आणि पॅनासॉनिक ल्युमिक्स एस९. बॅटरी आणि कार्डासकट वजनं अनुक्रमे ५१४, ४६१ आणि ४८६ ग्रॅम. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्यात फरक फक्त ५३ ग्रॅमचा. याच सोनीवर २८-६० मिमीची किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारी, १६७ ग्रॅम) लावली तर एकूण ६८१ ग्रॅम होतात, आणि २४-७० एफ/२.८ जीएम २ (६९५ ग्रॅम; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) लावली तर १२०९. गळ्यात किती ओझं पडणार ते लेन्स ठरवते. बॉडीच्या बाबतीत वेगळाच प्रश्न विचारायचा: ती लहान करताना कंपनीने काय काय काढून टाकलं, आणि त्यातलं आपल्याला काय लागतं?

कॅननने काढलं ते सेन्सरचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय. त्यामुळे आर८ला लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर अवलंबून राहावं लागतं. २४-५० (२१० ग्रॅम), ३५ एफ/१.८ आणि २४-१०५ एफ/४-७.१ या आरएफ (कॅननचा माउंट, म्हणजे लेन्सची जोडणी) लेन्समध्ये ते आहे. गोची अशी की या बॉडीला शोभतील अशा चिमुकल्या लेन्स, म्हणजे १६ एफ/२.८, २८ एफ/२.८ (अवघी १२० ग्रॅम) आणि ५० एफ/१.८, यांतल्या एकीतही नाही. ५० मिमीला हातात धरून शटर १/६० सेकंदापेक्षा संथ केलंत की फोटो हलायला लागतात. सोनीवर स्थिर विषय १/८लाही निघतो. पण पळणाऱ्या मुलाचा फोटो असेल तर दोघांनाही १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागणारच. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याला थांबवत नाही. घरातली माणसं, खेळ, पक्षी हेच टिपायचं असेल तर ही उणीव वाटते तितकी मोठी नाही. संध्याकाळची गल्ली, देवळाचा गाभारा, संग्रहालय असं असेल तर मोठी आहे.

आर८ची दुसरी काटछाट बॅटरीत आहे. व्ह्यूफाइंडर वापरून प्रमाणित चाचणीत सुमारे २२० फोटो निघतात, सोनीत सुमारे ५३०. दिवसभर फिरणार असाल तर दोन जादा बॅटऱ्या धराच, मग वजनातली बचत बरीचशी तिथेच गेली. शिवाय डोक्यावरच्या उंचवट्यामुळे आर८ची उंची ८६ मिमी होते, सोनीची ७१. काट्यावर हलका असलेला कॅमेरा लहान पिशवीत बसेलच असं नाही. मात्र पूर्ण रुंदीचं फोरके व्हिडिओचं, सेकंदाला ६० फ्रेमचं चित्रण तिघांत फक्त आर८ देतो, बाकीचे दोघे ६० फ्रेमला चित्र क्रॉप करतात, म्हणजे कडा कापतात.

एस९मध्ये कात्री सगळ्यात जोरात चालली आहे. व्ह्यूफाइंडर नाही, यांत्रिक शटर नाही, आणि वरची पट्टी नुसतीच खाच आहे: माइक अडकवता येतो, फ्लॅश पेटत नाही. शटर पूर्ण इलेक्ट्रॉनिक असल्याने सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. परिणाम दोन. चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोत विजेचे खांब तिरपे दिसतात. आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यावर बहुतेक पट्टे जातात. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. स्टेजवरच्या मंद केलेल्या दिव्यांना हा उपाय दरवेळी लागू पडत नाही. थोडक्यात, व्हिडिओ आणि निवांत भटकंती हे एस९चं काम. लग्न, नाटक, खेळ नाही.

सोनीने सगळ्यात कमी काढलं आहे, आणि किंमतही तिघांत त्याचीच जास्त. ३३ मेगापिक्सेल, सेन्सरवर स्टॅबिलायझेशन, ऑटोफोकस अव्वल. व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात असल्याने उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचं नाक पडद्याला घासत नाही. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांनी मात्र हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नये, सगळा चेहरा पडद्यावर येतो.

सोनी आणि कॅनन दोघांचीही एक खोड सारखी आहे. शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसराच यांत्रिक. भर उन्हात एफ/१.४ आणि १/४००० वर पोर्ट्रेट काढलं की मागच्या प्रकाशाचे गोळे गोल न राहता एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. लेन्सचा दोष समजून लोक लेन्स परत करतात. खरं तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून शटर १/१००० किंवा त्याहून संथ केलं की काम भागतं. विषय स्थिर असेल तर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरही चालतं.

आता लेन्स. लहान लेन्सची निवड सोनीच्या ई-माउंटला सगळ्यात मोठी. सोनीच्याच २४ एफ/२.८, ४० एफ/२.५ आणि ५० एफ/२.५ या १६० ते १७५ ग्रॅमच्या आहेत, तिन्हींची लांबी ४५ मिमी आणि फिल्टर ४९ मिमीचा, म्हणजे एकच फिल्टर तिन्हींना पुरतो. बाहेरच्या कंपन्याही भरपूर: सॅमयांगची ३५ एफ/२.८ तर फक्त ८६ ग्रॅम. कॅननच्या आरएफला फुल-फ्रेमसाठी बाहेरच्या ऑटोफोकस लेन्स जवळजवळ नाहीतच. जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टरवर छान चालतात, पण ॲडॅप्टर ११० ग्रॅमचा आणि २४ मिमी लांब, म्हणजे लहानपणाचा मुद्दाच संपला. पॅनासॉनिकच्या एल-माउंटला सिग्माचा भक्कम आधार आहे, आणि १८-४० एफ/४.५-६.३ ही १५५ ग्रॅमची झूम एस९ला अगदी फिट बसते. ५८ ग्रॅमची २६ मिमी एफ/८ मात्र विचार करून घ्या: ॲपर्चर एफ/८लाच कायम, फोकस हाताने. उन्हात मजा, खोलीत हाल.

या छोट्या किट झूम एफ/५.६, एफ/६.३ला जाऊन पोचतात, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. एफ/२.८ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पुरत असेल तिथे एफ/६.३ला सुमारे ८००० लागतो. उलट एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरची सिग्माची १८-५० एफ/२.८ सुमारे २९० ग्रॅमची आहे आणि फुल-फ्रेमच्या भाषेत ती एफ/४.२च्या जवळपास बसते. म्हणून फुल-फ्रेम घेऊन फक्त एफ/५.६ची किट झूमच वापरणार असाल, तर एपीएस-सी आणि ही लेन्स अंधारात सरस ठरेल. फुल-फ्रेमचे पैसे वसूल व्हायला निदान एक एफ/१.८ किंवा एफ/२.५ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) हवीच.

कोणती प्राइम, ते जुन्या फोटोंना विचारा. लाइटरूम किंवा डिजिकॅममध्ये आवडते फोटो फोकल लेंग्थप्रमाणे (लेन्सच्या मिमीच्या आकड्याप्रमाणे) गाळा. एपीएस-सीवर काढलेले असतील तर आकडा दीडने गुणा, कॅननचे असतील तर १.६ने. पन्नासेक फोटोंतले निम्मे ३५ ते ४५च्या दरम्यान निघाले तर सोनीवर ४० एफ/२.५ आणि एखादी झूम पुरे. तसे नसून सगळे ७० ते २००मध्ये निघाले, तर लहान बॉडीचा हट्टच सोडावा. जड लेन्सखाली एस९सारखी पकड नसलेली बॉडी अर्ध्या तासात बोटं दुखवते.

आणि तिघांतही कार्डाची खाच एकच आहे. पैसे घेऊन समारंभ टिपणाऱ्यांनी इथेच थांबून ७०० ग्रॅमचा, दोन कार्डांचा निकॉन झेड५ २ बघावा.