निर्माता मानावा की नाही? दोन्ही बाजू तपासताना

देव आहे का, या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले असतात आणि निवड करताना गोंधळ तिथेच होतो. पंढरपूरला विठोबासमोर उभं राहिल्यावर डोळे भरून येणं वेगळं, आणि हे सगळं विश्व कुणीतरी ठरवून, हेतूने घडवलं असं मानणं वेगळं. मी इथे फक्त दुसऱ्याबद्दल लिहितोय. या बाबतीत बरीच वर्षं माझं मन डळमळीत होतं. आता ते एका बाजूला स्थिरावलं आहे, पण दुसरी बाजू पोकळ आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मानणाऱ्यांची बाजू आधी घेतो. आपल्याकडे ती सर्वांत नेटकी मांडली नैयायिकांनी, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी. साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यातला मुख्य युक्तिवाद ओळखीचा आहे: मडकं दिसलं की कुंभार असणारच, पृथ्वी, अंकुर हीसुद्धा कार्यंच, मग त्यांनाही कर्ता हवा. इंग्लंडमध्ये १८०२ साली विल्यम पेली यांनी घड्याळाचा दाखला देऊन जवळपास हेच सांगितलं. सजीवांपुरता या युक्तिवादाचा जोर १८५९ नंतर, डार्विनमुळे, बराच ओसरला. त्यामुळे डोळ्याची रचना किती अद्भुत वगैरे कुणी सुरू केलं तर मी फार वेळ थांबत नाही.

भौतिकशास्त्रातल्या दाखल्यापाशी मात्र थांबावंच लागतं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी १९५३ मध्ये भाकीत केलं की कार्बनच्या अणुकेंद्राला एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांच्या पोटात एवढा कार्बन तयार होणं शक्य नाही. प्रयोगात ती पातळी खरोखरच सापडली. ती जरा पुढेमागे असती तर कार्बन नाममात्र उरला असता, आणि कार्बनच नसेल तर आपण कुठले? कुठलाही धर्म न मानणाऱ्या हॉयल यांनाही पुढे यामागे कुणाची तरी बुद्धी असावी असं वाटू लागलं आणि त्यांनी ते उघडपणे लिहिलं. निर्मात्याच्या बाजूचा हा मला सर्वांत वजनदार मुद्दा वाटतो. विश्वं अनेक असतील आणि त्यातलं एक जमून आलं असेल, असं उत्तर यावर दिलं जातं. पण ती बाकीची विश्वं तरी कुणी पाहिलीत? इथे मी कुणालाच विजयी ठरवू शकत नाही.

आता संशयाची बाजू. संशय इंग्रजी शिक्षणाबरोबर आला असं अनेकजण समजतात, ते खरं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताचा शेवटच असा आहे: ही सृष्टी कुठून झाली हे परम व्योमातल्या तिच्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. जैन आणि बौद्ध निर्माता मानत नाहीत. इतकंच काय, वेदांचं प्रामाण्य जिवापाड जपणारे मीमांसक कुमारिल भट्टही मानत नाहीत. त्यांचे प्रश्न आजही कुणालाही विचारता येतील असे आहेत. जग घडवण्याआधी त्याला शरीर होतं का? असेल, तर ते कुणी घडवलं? करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर तेव्हा करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच असती, तर सगळे जीव सुखीच नसते का केले?

निर्माता नसेल तर माणूस नीतीने कशाला वागेल, ही शंका मी तरी या निवडीतून बाजूला काढली आहे. महात्मा फुले निर्मिक मानत, निर्मात्यासाठी हा त्यांचा शब्द. एकाच निर्मिकाची लेकरं म्हणून स्त्री-पुरुष समान, हा त्यांच्या विचाराचा पाया होता. समाजसुधारक आगरकर अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. दोघेही स्त्रीशिक्षणासाठी झगडले, दोघांनीही समाजाचा रोष अंगावर घेतला.

मला अखेर एका बाजूला ढकललं ते यापेक्षा साध्या गोष्टीने. आमच्या घरात एक बाळ सातव्या महिन्यात जन्मलं. रुग्णालयात ते काचेच्या पेटीत होतं, शेजारच्या पेटीत दुसऱ्या कुटुंबाचं बाळ. बाहेरच्या बाकावर दोघांच्या आज्या शेजारी शेजारी बसायच्या. माझ्या आईने उदीची पुडी आणली होती. त्यातली अर्धी तिने वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून त्या आजींच्या हातात दिली. त्यांना रामरक्षा पाठ नव्हती, म्हणून आई एकेक ओळ म्हणायची आणि त्या मागोमाग म्हणायच्या. आमचं बाळ वाचलं. त्यांचं गेलं.

घरी पेढे वाटताना जो तो म्हणत होता, देव तारी त्याला कोण मारी. शेजारच्या बाळाचं कळल्यावर तीच माणसं म्हणाली, त्याच्या मनात काय असतं ते आपल्याला कसं कळणार. मला खुपलं ते इथे. आमचं बाळ वाचलं तेव्हा त्याच्या मनातलं सगळ्यांना स्पष्ट कळलं होतं. दुसरं गेलं त्या क्षणापासून ते कुणालाच कळेनासं झालं. उदी तीच, रामरक्षा तीच, म्हणणाऱ्या दोघींची तळमळ तीच. जे स्पष्टीकरण काहीही घडलं तरी बरोबरच ठरतं, ते मला काही सांगत नाही. मानणाऱ्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, माझी आई त्यांच्यातलीच आहे. तक्रार आहे ती या उत्तराबद्दल, आणि एकदा ती मनात आली की जाता जात नाही.

यावर आपल्या परंपरेत तयार उत्तर आहे हे मला माहीत आहे. ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी स्वतःच मांडला आहे, आणि ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो असं सांगून फेटाळलाही आहे. तर्क म्हणून ते चोख बसतं. पण त्या बाकावर बसलेल्या आजींना, तुमच्या नातवाच्या मागच्या जन्माचं हे फळ, असं सांगायला माझी जीभ रेटली नसती. अनेक श्रद्धाळूंचीही रेटत नाही, हे मी पाहिलं आहे.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. हजारो माणसं गेली. कुणाच्या पापामुळे हे घडलं, याचं उत्तर शोधून हाती काही लागत नाही. भिंती का पडल्या, याचं उत्तर मिळालं: मातीत रचलेले जाड दगड, ते एकमेकांत नीट गुंतलेले नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. त्या उत्तराच्या आधारे पुढची घरं वेगळी बांधता आली. आता, श्रद्धाळू इंजिनिअरही हेच उत्तर शोधेल, हे कबूल. पण शोधताना तोही निर्मात्याचा हेतू बाजूलाच ठेवतो.

संशयाच्या बाजूने गेलात तर एक गोष्ट मात्र हातची जाते. रात्री अडीचला झोप उडाली तर भार सोपवायला कुणी नसतं. माझी आई हात जोडते आणि खरंच शांत झोपते. मला ते जमत नाही आणि त्याची भरपाई कशानेही झालेली नाही. तुमच्या आयुष्यात सध्या असा काही भार असेल तर निवडीची घाई करू नका असंच मी म्हणेन. घरात देवघर असेल तर त्याचाही या निवडीशी फारसा संबंध येत नाही. आईचे गुडघे धरलेले असले की निरांजन मी लावतो. त्यासाठी विश्व कुणी घडवलं हे आधी ठरवावं लागत नाही.

मला स्वतःला ‘माहीत नाही’ हे उत्तर जवळचं वाटतं, कारण ते दोन्ही आज्यांसमोर सारखंच देता येतं. तरीही निर्माता सोडवतच नसेल, तर फुल्यांचा निर्मिक एकदा नीट समजून घ्या. त्याला फुलं नकोत, नैवेद्य नको, नामस्मरण नको आणि मधे कुणी भटजीही नको. फुल्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात हे साध्या प्रश्नोत्तरांत आलं आहे. वरचा माझा आक्षेप त्यानेही पुरता सुटत नाही, पण मानायचंच ठरलं तर मी त्याच्यापासून सुरुवात करेन.