जुना इंकजेट प्रिंटर आणि तपकीर गल्लीतील दुरुस्ती

पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांची दाटी आहे आणि त्या दाटीतच एका जिन्याखाली, पाटीसुद्धा नसलेले, प्रिंटर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ज्यांच्या जुन्या इंकजेटची छपाई अजून स्वच्छ येते, पण यंत्र मात्र कुरकुरू लागले आहे, त्यांनी नवा प्रिंटर घेण्यापूर्वी येथे एकदा दाखवून घ्यावे, असे माझे मत आहे.

आमच्या प्रिंटरचे दुखणे असे होते की, चालू करताच हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा सरकता भाग, वेगाने सरकत जाऊन कडेवर आदळायचे आणि कागद कोठेही अडकलेला नसताना कागद अडकल्याचा दिवा लुकलुकू लागायचा. सर्व्हिस सेंटरने ‘बोर्ड गेला’ असे निदान केले होते आणि बोर्डाचा खर्च नव्या प्रिंटरच्या किमतीला भिडत होता. येथील गृहस्थांनी तो आवाज एकदा ऐकला आणि म्हणाले, “बोर्ड इतक्या सहज जात नाही हो, आधी पट्टी बघू.”

हेड मध्यावर आलेले असतानाच त्यांनी वायर काढली, कारण प्रिंटर रीतसर बंद केला तर हेड कडेला जाऊन अडकून बसते. मग हेड हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिले. कोठेही अडखळले नाही, म्हणजे हेड ओढणारा पट्टा आणि ते ज्यावर सरकते तो दांडा यांचा दोष नव्हता. हेडच्या मागे एक अरुंद पारदर्शक पट्टी ताणून बसवलेली असते. तिच्यावर इंचाला दीडशेच्या आसपास, नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतील अशा बारीक रेषा असतात आणि हेडवरील सेन्सर त्या मोजूनच आपण कोठे आहोत हे ठरवतो. विजेरी धरल्यावर त्या पट्टीवर बोटभर रुंदीचा वंगणाचा डाग दिसला. तेथे सेन्सरला रेषा दिसेनात, त्यामुळे हिशेब चुकून हेड थेट भिंतीला धडकत होते. पट्टी त्यांनी किंचित ओलसर, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसली. स्पिरिट मुद्दाम वापरले नाही, कारण त्याने काही पट्ट्यांवरील रेषाच निघून जातात. दांड्यावरचे धुळीने चिकट झालेले जुने वंगण काढून नवे अगदी पुसट लावले. हे सगळे आमच्या डोळ्यांदेखत झाले आणि कोणता भाग का काढला, हे विचारल्यावर त्यांनी न कंटाळता सांगितले. चाचणीची पाने निघाल्यावरच त्यांनी पैसे घेतले आणि आकारलेली रक्कम पाहता, सर्व्हिस सेंटरात केवळ तपासणीसाठी मोजलेले पैसे आठवून थोडा रागच आला.

कागद ओढणाऱ्या रोलरबाबत मात्र मी तितका समाधानी नाही. त्याचे रबर गुळगुळीत झाले होते. त्यांनी ते पुसून खडबडीत करून दिले आणि साधा कागद व्यवस्थित जाऊ लागला, पण जाड कागदावर रोलर अजूनही घसरतो. तो बदलणेच योग्य झाले असते. सुटा भाग मागवावा लागेल, एवढे तरी त्यांनी आधी सांगायला हवे होते. शिवाय लेखी पावती मिळत नाही, हमी तोंडीच असते आणि ‘संध्याकाळी या’ याचा अर्थ कोणती संध्याकाळ, हे विचारून घ्यावे लागते.

घरी येऊन दुरुस्ती ते करत नाहीत, त्यामुळे प्रिंटर स्वतःच न्यावा लागतो आणि त्या गल्लीत चारचाकी नेण्याच्या फंदात पडू नये. कार्ट्रिज आतच राहू द्यावीत, प्रिंटर आडवा-उभा न करता सपाट धरावा आणि टाकीचा प्रिंटर असेल तर शाईचा खटका, म्हणजे तशी सोय असल्यास, वाहतुकीच्या खुणेवर फिरवून ठेवावा. पॉवरची वायर न विसरता सोबत घ्यावी. त्यांच्याकडची प्रत्येक प्रिंटरला बसतेच असे नाही.