वेग चौपट, पण फक्त स्क्रीनवर

हाय-स्पीड कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बदलून त्याचा वेग चौपट करून देतो, असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. असे लोक सध्या फिरताहेत आणि ज्यांच्या हातात एकुलता एक कॅमेरा आहे, ज्याच्यावर पोट आहे, अशांनाच गाठताहेत. म्हणून माझ्या बाबतीत काय घडलं ते सगळं लिहितोय.

मी चालत्या मशीनचं चित्रण करून बिघाड शोधून देतो. इचलकरंजीतले एअरजेट माग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले प्रेस, पॅकिंगच्या लाइनी. माझ्याकडे क्रोनोस 1.4 आहे, कॅनडातल्या क्रॉन टेक्नॉलॉजीजचा. 2016 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून हा कॅमेरा निघाला आणि त्यामुळेच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आला. 1280 बाय 1024 बिंदूंच्या पूर्ण चित्रावर तो सेकंदाला 1057 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतो. माझ्या कॅमेऱ्यात 8 जीबी मेमरी आहे, त्यात साधारण 4 सेकंद मावतात.

बहुतेक कामांना एवढं पुरतं. एअरजेट मागावर मात्र ओढाताण होते. तिथं बाण्याचा, म्हणजे कापडातला आडवा, धागा हवेच्या झोतावर सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर वेगानं जातो. म्हणजे हजार फ्रेमला धरलं तरी दोन फ्रेमच्या मधे टोक चार-पाच सेंटिमीटर पुढं गेलेलं असतं. धागा नेमका हवा फुंकणाऱ्या कुठल्या नोझलपाशी डळमळतो हे बघायचं तर वेग जास्त हवा, हे मी ओळखीपाळखीत बोलत होतो. तेवढ्यावरून एका माणसाचा फोन आला. 'दादा, तुमच्याकडं क्रोनोस आहे ना? सेन्सर जास्त वेगाचाच आहे, कंपनीनं लॉक करून ठेवलाय. मी उघडून देतो.'

त्याचं पॅकेज असं होतं: वेग 1057 वरून 4228, मेमरी 8 वरून 32 जीबी, 'जास्त क्षमतेची' बॅटरी, 'फ्लिकर-फ्री', म्हणजे न लुकलुकणारं, एलईडी पॅनेल आणि एक वायरलेस ट्रिगर, म्हणजे हवा तो क्षण पकडायला कॅमेऱ्याला दुरून इशारा देणारं बटण. सगळ्याचे मिळून एक लाख चाळीस हजार. निम्मे आगाऊ, निम्मे काम झाल्यावर. कॅमेरा त्याच्याकडे पोहोचला आणि भाषा बदलली: बाकीची रक्कम आल्याशिवाय कॅमेरा परत पाठवणार नाही. पुढच्या आठवड्यात माझं काम ठरलेलं होतं. पैसे भरले.

कॅमेरा आला तेव्हा स्क्रीनवर खरंच 4228 दिसत होतं, मेमरीच्या जागी 32 जीबी. सोबत लॅपटॉपसाठी एक 'कन्व्हर्टर' होता. चित्रण आधी त्यातून काढायचं, मगच फाइल उघडायची, असं त्यानं बजावलं होतं. रेकॉर्डिंगचा वेळ मात्र आधीसारखा 4 सेकंदच. विचारलं तर म्हणाला, 'वेग चौपट, मेमरीही चौपट, मग वेळ तेवढाच राहणार ना दादा.' हिशेब बरोबर आहे. 4 सेकंदांत आधी चार हजारांच्या वर फ्रेम मिळायच्या, आता कन्व्हर्टरमधून सतरा हजारांच्या आसपास बाहेर पडत होत्या. फ्रेम मोजल्या तर वेगाचाही पुरावा मिळतो आणि मेमरीचाही. हा डाव फार विचार करून रचलेला होता. एकाच लबाडीनं दोन्ही खोटी कामं खरी दिसत होती.

पहिलंच काम इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये होतं. एका मागावर बाणा वारंवार तुटत होता. चित्रणात धाग्याच्या टोकापाशी दोन पुसट टोकं दिसली, एक पुढं, एक मागं. एक फिकट होत जायचं, तोवर दुसरं ठळक व्हायचं. मालकांना ते धाग्याचं टोक फाटल्यासारखं वाटलं आणि ते सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला माल परत न्यायला सांगायच्या बेतात होते. तिथले जॉबर मामा, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, लॅपटॉपजवळ आले, थोडा वेळ बघत राहिले. मग मागाकडे गेले, तुटलेल्या बाण्याचं टोक चिमटीत धरून आणलं आणि माझ्यासमोर उजेडात धरलं. 'अवो, फाटलंय कुठं? हे बघा की. पीळ जिथल्या तिथं हाय.' टोक खरंच अख्खं होतं. तुटलेलं होतं, पण फाटलेलं नव्हतं. त्या चित्रणावर विसंबून माल परत गेला असता तर त्या व्यापाऱ्याची गाठोडीच्या गाठोडी विनाकारण बदनाम झाली असती. मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे. माझे पैसे गेले ते गेलेच, पण या बनावट फ्रेमनी तिसऱ्याच माणसाच्या मालावर ठपका ठेवला असता.

घरी येऊन बेंच ग्राइंडर लावला. ही चाचणी कुणालाही करता येते, म्हणून नीट सांगतो. साधा ग्राइंडर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण 2850 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 47-48. चाकाच्या बाजूला पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची आणि शटर अगदी कमी वेळ उघडं ठेवून चित्रण करायचं. सेकंदाला 1057 फ्रेम असतील तर रेघ दर फ्रेमला साधारण 16 अंश सरकते. खरंच 4228 असतील तर जेमतेम 4 अंश. कन्व्हर्टरमधून निघालेल्या फ्रेम एकेक करून पुढं सरकवल्या. पहिल्या फ्रेममध्ये रेघ एक आणि ठळक. दुसऱ्यात तीच रेघ थोडी फिकट आणि 16 अंश पुढं आणखी एक अगदी पुसट रेघ. तिसऱ्यात दोन्ही सारख्या. चौथ्यात मागची विझत आलेली, पुढची उजळलेली. पाचव्यात पुन्हा एकच ठळक रेघ. मधल्या 4, 8, 12 अंशांवर रेघ एकदाही दिसली नाही. ती तिथं असतानाचं चित्र कॅमेऱ्यानं घेतलेलंच नव्हतं. दोन खऱ्या फ्रेम एकमेकींत मिसळून कन्व्हर्टर मधल्या तीन फ्रेम रचत होता. मागावर दिसलेली ती दोन टोकंही हीच.

ग्राइंडर नसेल तर याहून सोपी खूण आहे ती उजेडाची. सेकंदाला 1057 फ्रेम घेताना एक फ्रेम जास्तीत जास्त एक-हजारांश सेकंदाएवढा उजेड पिऊ शकते. 4228 घेताना तिला त्याच्या पावच वेळ मिळतो. दिवा तोच, लेन्सचं छिद्र तेवढंच आणि दोन्ही वेळा शटर पूर्ण उघडं ठेवलं, तर जास्त वेगाचं चित्र ठळकपणे काळवंडलं पाहिजे. माझं चित्र जसंच्या तसं उजळ होतं. वेग वाढला आणि उजेड मात्र जास्त लागला नाही, असं कुणाच्याही कॅमेऱ्यात होत नाही.

मुळात हे शक्य का नाही, तेही सांगतो. सेन्सरवरचे बिंदू वाचून बाहेर काढायला वेळ लागतो आणि त्या वाचनाचा वेग ठरलेला असतो. 1280 गुणिले 1024 गुणिले 1057 करून बघा, सेकंदाला 138 कोटींच्या आसपास बिंदू होतात. नावातलं 1.4 आलंय ते इथूनच, 1.4 अब्ज बिंदू. चौपट वेगाला साडेपाच अब्जांवर लागतील. सॉफ्टवेअर ते कुठून आणणार? वेग वाढवायचा खरा मार्ग एकच आहे: चित्र लहान करायचं. उंची निम्मी केली की वेग जवळपास दुप्पट होतो. उंची 720 ठेवली की हाच कॅमेरा दीड हजारांवर जातो आणि ही सोय त्याच्यात पहिल्या दिवसापासून आहे, फुकट. माझ्या कामाला तर ती उत्तमच, कारण बाणा आडवाच जातो. लांब पण बुटकी पट्टी ठेवली की पुरे.

स्क्रीनवरचे आकडे त्यानं बदलले कसे, याचं उत्तर साधं आहे. या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड कंपनीनं सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. चांगल्या हेतूनंच, लोकांना सुधारणा करता याव्यात म्हणून. जाणकाराला त्यात 1057 च्या जागी काहीही लिहिता येतं. 'मूळ फर्मवेअर परत टाकलंत तर सेन्सर जळेल' अशी भीती त्यानं घातली होती ती त्याचसाठी. कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून परत टाकलं. काही जळलं नाही. आकडा 1057 वर आला आणि मेमरी 8 जीबी दिसायला लागली. कव्हर उघडून बघितलं, आतलं मेमरीचं मॉड्यूल जुनंच, धुळीसकट.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. एलईडी पॅनेलच्या उजेडात चित्र दर दहा-अकरा फ्रेमना अंधारून येत होतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, हजार फ्रेमला लगेच कळतं. असा दिवा घेताना दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर चित्रण करून बघा, नाहीतर बॅटरीवर डीसीनं चालणारा घ्या.

वायरलेस ट्रिगरच्या डबीत गेट उघडायच्या रिमोटसारखं रिसीव्हरचं सर्किट आणि एक साधा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, निघाला. 'एक मिलिसेकंदाच्या आत' म्हणून विकलेला. नुसत्या रिलेचा संपर्क जुळायलाच काही मिलिसेकंद जातात. तपासायचं असेल तर ट्रिगरच्या बटणावरच एक एलईडी जोडून ती चित्रात ठेवा. एलईडी पेटलेली फ्रेम आणि कॅमेऱ्यानं ट्रिगर म्हणून नोंदलेली फ्रेम यांच्यातलं अंतर मोजलं की विलंब कळतो. मागाच्या कामाला हे रिमोट लागतही नाही. कॅमेरा मेमरीत सतत गोल फिरत लिहीत असतो, जुनं पुसत नवं टाकतो. बाणा तुटल्यावर माग थांबवणारा सिग्नल योग्य तो आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग) मधे घालून कॅमेऱ्याच्या ट्रिगरला दिला की तुटण्याआधीचे सेकंद हाती लागतात.

बॅटरीनं केलेलं नुकसान जास्त मोठं. या कॅमेऱ्याला निकॉनची ईएन-ईएल4ए जातीची बॅटरी लागते, 11.1 व्होल्टची, अस्सल असेल तर 2500 एमएएच. त्यानं माझी अस्सल ठेवून घेतली आणि 3600 चं स्टिकर लावलेली पाठवली. हातात घेतल्यावरच ती हलकी लागत होती. चित्रण आधी रॅममध्ये असतं, कार्डावर उतरवायला वेळ लागतो आणि वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. गोकुळ शिरगावात एका प्रेसचं चित्रण कार्डावर उतरत असताना ही बॅटरी बसली. स्क्रीनवर बॅटरीची खूण अर्ध्यावर दाखवत होती. त्या प्रेसचा तो झटका पुन्हा पकडायला डाय (प्रेसचा साचा) परत चढवावी लागली आणि कारखान्याचा अर्ध्या पाळीचा वेळ वाया गेला.

बिलाचंही बघून ठेवा. त्यानं पाठवलेल्या बिलावर पत्ता महाराष्ट्रातला होता आणि जीएसटी क्रमांक 29 नं सुरू होत होता. या 15 अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, 29 म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकट कळतं. हा क्रमांक भलत्याच धंद्याचा निघाला, त्या बिचाऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका लवकर, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. 'कॅमेरा धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं समोरचा म्हणेल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारानं स्वतःची उपजीविका चालवायला घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी' घेतली असं धरत नाहीत, म्हणजे घेणारा ग्राहकच ठरतो, तेव्हा एकट्यानं काम करणाऱ्यांनी या बोलण्यानं मागं सरू नये.

ज्यांच्याकडे असा 'अपग्रेड' झालेला कॅमेरा आत्ता आहे, त्यांनी मूळ सॉफ्टवेअर टाकायच्या आधी स्क्रीनचे फोटो काढून ठेवावेत, आकडे आणि तारीख दिसतील असे. कन्व्हर्टर काढून टाकू नका. एकच चित्रण कॅमेऱ्यातून निघालेलं मूळ आणि कन्व्हर्टरमधून काढलेलं, अशा दोन्ही फाइली जोडीनं ठेवा, ग्राइंडरच्या रेघेच्या असतील तर उत्तमच. माझ्या तक्रारीसोबत मी त्याच दिल्या आहेत. आणि त्या चित्रणावरून कुणाला अहवाल दिला असेल, तर त्या कारखान्याला आजच फोन करून तो मागे घ्या.