तक्रार वही की प्रवासी सर्वेक्षण?

सोलापूरच्या एसटी स्थानकातील तक्रार वहीत तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक उतरला, की अक्कलकोटची एखादी गाडी थांब्यावर न थांबता का गेली याची विचारणा नेमक्या चालक-वाहकांकडे करता येते. हे वहीचे बळ आहे. मात्र वहीत लिहितो तो चिडलेला, हाताशी वेळ असलेला आणि मराठीत लिहू शकणारा प्रवासी. तयार विड्या कारखान्यात पोचवायला निघालेली स्त्री किंवा घरी तेलुगू, कन्नड बोलणारा यंत्रमाग कामगार तीत सहसा उतरत नाही.

सर्वेक्षक स्वतः गाडीत चढून ठरावीक क्रमाने प्रवासी निवडतो, त्यामुळे गप्प बसणाऱ्यांचेही मत कळते. सार्वजनिक प्रवासी वाहतुकीच्या सेवेसाठीच्या युरोपातील २००२ च्या ईएन १३८१६ या मानकाने प्रवाशाला अपेक्षित असलेली व जाणवलेली, तसेच संस्थेने ठरवलेली व प्रत्यक्ष दिलेली गुणवत्ता अशा चार बाजू वेगळ्या मानल्या. पहिल्या दोहोंचे मोजमाप वहीतून होत नाही. सर्वेक्षण खर्चिक असते, हे खरेच. शिवाय ते आषाढीच्या आठवड्यात किंवा जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत केले, तर हाती येणारे आकडे रोजच्या प्रवासाचे नसतात.

माझ्या मते वर्तन आणि देखभालीसाठी वही पुरेशी आहे, परंतु फेऱ्या व वेळापत्रक बदलताना सर्वेक्षणच हवे. तेही गाडीतच नव्हे, थांब्यावरही, कारण कंटाळून शेअर रिक्षाकडे वळलेला प्रवासी गाडीत भेटतच नाही.