टीक्यूडीएम: पट्टी एक नंबर, राहिलेला वेळ मात्र जपून वाचा

पायथनमध्ये तास-तास चालणाऱ्या स्क्रिप्ट लिहीत असाल तर टीक्यूडीएम, म्हणजे काम किती झालं ते पट्टीने दाखवणारी लायब्ररी, टाकूनच घ्या, फुकट आहे, पिपने (पायथनचं पॅकेज टाकायचं साधन) इन्स्टॉल होतं आणि फॉर लूपमधली लिस्ट त्याच्या कंसात घातली की झालं, टक्के, किती झालं, किती वेळ राहिला, सेकंदाला किती, सगळं एका ओळीत. बाणेरच्या आमच्या ऑफिसात स्कॅन केलेल्या बिलांच्या पीडीएफमधून मजकूर काढायचं काम कायम चालू असतं, तिथे ही पट्टी नसली की कोणीतरी खुर्ची सरकवत येतंच, "काय रे, अडकलं का?"

स्पीडचं टेन्शन नको. लूपच्या एका फेरीमागे साधारण 60 नॅनोसेकंद जास्तीचे लागतात असं ते बनवणाऱ्यांनीच लिहिलंय, आणि पट्टी दर फेरीला नव्याने काढत नाही, मध्ये किमान 0.1 सेकंद जाऊ देते. शिवाय ती स्टँडर्ड एररवर (नेहमीच्या आउटपुटपासून वेगळी, चुका-सूचनांची वाट) छापते, त्यामुळे आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी त्यात कचरा येत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

पण तो राहिलेला वेळ! हिशोबात अलीकडच्या स्पीडला जास्त वजन असतं, म्हणजे दोन-दोन पानी बिलं भराभर उडाली की "4 मिनिटं" आणि मग तीनशे पानांचं बाड आलं की तोच आकडा चाळिशीत. हिंजवडीतून निघालेला माणूस "आलोच पाच मिनिटात" म्हणतो, तसलं. यावर उपाय सोपाय, फायली मोजूच नका, पानं मोजा: टोटलमध्ये एकूण पानं द्या आणि दर फाइल संपली की तिची पानं अपडेटला द्या, आकडा बराच ताळ्यावर येतो.

लूपमध्ये साधा प्रिंट टाकला तर पट्टी तुटून खाली-खाली सरकते, त्यासाठी त्यांचंच राइट फंक्शन वापरा. जनरेटर (एकेक गोष्ट देत जाणारा, एकूण किती ते न सांगणारा) दिला आणि टोटल नाही सांगितलं तर पट्टीच येत नाही, नुसता आकडा पळतो, त्यात त्याचा दोष नाही म्हणा.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारं) चालवलं आणि स्टँडर्ड एररही लॉगमध्येच वळवलं तर मात्र लॉगची पार वाट लागते, त्याच ओळीचे शेकडो तुकडे एकमेकांना चिकटलेले. डिसेबल या सेटिंगला नन (None) दिलं की टर्मिनल नसताना गप्प बसतं, पण हे आधीपासूनच तसं का नाही ठेवलं देव जाणे, अर्धा स्टार त्याचाच कापला. पाचपैकी साडेचार.

आणि नुसती मोठी फाइल पाइपमधून ढकलायची असेल तर पायथन कशाला, मध्ये पीव्ही (पाइपमधून किती गेलं ते दाखवणारी कमांड) लावा, भागतंय.